पीयू फोमने खिडक्या-दरवाजे बसवताय? आधी या चुका टाळा

मी यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो, काम बहुतेक चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात, आणि दरवर्षी जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की हमखास फोन येतात की दादा, नवीन खिडकी आहे तरी बाजूने पाणी येतंय. जाऊन बघितलं की तेच. चौकट आणि भिंतीमधल्या गॅपमध्ये डब्यातून मारतात तो फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम बाहेरून उघडाच सोडलेला, उन्हाने तांबूस-पिवळा झालेला, बोट घासलं की भुगा हातात.

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की फोम मारला म्हणजे खिडकी वॉटरप्रूफ झाली. नाही हो. फोम हे पॅकिंग आहे, गॅप भरतो, वारा-आवाज-धूळ अडवतो, पण त्याचे सगळे कप्पे बंद नसतात. वरची गुळगुळीत साल शाबूत आहे तोपर्यंत थोडंफार पाणी झेपतं, पण आपण बाहेर आलेला फोम कटरने सपाट करतो तेव्हा नेमकी तीच साल जाते आणि आतली छिद्रं उघडी पडतात. मग वरून ऊन. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, सज्जा असून उपयोग नसतो, ते पाणी या भुग्यातून आत शिरतं आणि महिन्याभरात आतल्या गिलाव्याला ओल आणि पुट्टीचे पोपडे.

माझी सवय सांगतो. बाहेरच्या बाजूने आधी गॅपमध्ये बॅकर रॉड दाबतो, ती फोमची गोल दोरी मिळते ना ती, साधारण ८ मिमी आत. मग फोम घराच्या आतून मारतो, तो रॉडला टेकून थांबतो, बाहेर येतच नाही, त्यामुळे तिकडे कापाकापी नाही. बाहेरच्या त्या ८ मिमीत न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं, वेदर सिलिकॉन. स्वस्तातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटच्या बाजूला लावू नका, त्यातलं आम्ल सिमेंटशी झगडतं आणि पकड सुटते. आतल्या बाजूला फोम कापून त्यावर गिलावा किंवा पुट्टी, तीही लगेच, "नंतर पेंटर बघेल" असं नाही.

दुसरी चूक म्हणजे गॅप गच्च भरणं, याचा मला खरंच राग येतो कारण सगळं घाईतून होतं. चिपळूणला एका फ्लॅटचं काम होतं, खिडक्या माझ्या, बाथरूमचे दरवाजे दुसऱ्या टीमचे. संध्याकाळी काकूंचा फोन, "दादा, परवा वास्तुशांत आहे आणि बाथरूमचं दार लागतच नाहीये." सकाळी लागत होतं म्हणे. गेलो, ओळंबा धरला, तर डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली) चौकट दोन्ही बाजूंनी कुलपाच्या उंचीला आत फुगलेली, एका बाजूला चांगली ६ मिमी. पोरांनी नळीवाला साधा (डब्याला प्लॅस्टिकची नळी लावून मारतात तो), जास्त फुगणारा फोम काठोकाठ भरला होता, चौकटीत एकही आडवा टेका नाही, आणि मग जेवायला गेले. फोम फुगताना ढकलतो, त्याला भिंत हलवता येत नाही म्हणून तो चौकट हलवतो. त्यांचा उपाय काय, तर दार रंधून घेऊ! मी म्हटलं हात लावू नका. हॅकसॉ ब्लेडने सगळा फोम कापून काढला, चौकट सरळ केली, परत फोम मारला, रात्रीचे साडेदहा वाजले.

टेके म्हणजे काही मोठं नाही. चौकटीच्या आतल्या रुंदीच्या मापाच्या तीन पट्ट्या कापायच्या, एक खाली, एक कुलपापाशी, एक वर, टोकाला पुठ्ठा लावायचा म्हणजे ओरखडे नाहीत. रात्रभर काढायच्या नाहीत. डब्यावर एका तासात कापा असं लिहिलेलं असलं तरी मी दुसऱ्या दिवशीच काढतो. गॅप फार तर अर्धा भरायचा, खालून वर जायचं, उरलेलं काम फोम स्वतः करतो. खिडकी-दरवाज्याला कमी फुगणाराच फोम घ्या आणि जमलं तर गनवाला (डबा पिस्तुलासारख्या गनला लावून मारायचा), नळीवर हाताला अंदाजच येत नाही.

फोमच्या भरवशावर चौकट उभी करणारेही भेटतात. आधी स्क्रू किंवा अँकर फास्टनर, मग फोम, यात चर्चा नाही.

गॅपमध्ये धूळ असेल तर फोम भिंतीला नाही, धुळीला चिकटतो. ब्रशने झाडा आणि स्प्रेच्या बाटलीने हलकं पाणी मारा, हा फोम ओलाव्यावरच सुकतो, मे महिन्यात कोरड्या विटेवर मारला तर आतून कच्चा राहतो. गॅप ३ सेंटिमीटरच्या वर असेल तर एका दमात भरू नका, थर द्या, किंवा सरळ मिस्त्रीकडून गिलाव्याने कमी करून घ्या.

डबा २०-२५ वेळा हलवा आणि वापरताना उलटा धरा, नाहीतर नुसता गॅस निघून जातो आणि अर्धा माल आत राहतो. डबा गाडीत उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर फुटू शकतो. आतला गॅस पेट घेतो, शेजारी गॅसची शेगडी किंवा वेल्डिंग चालू असेल तर थांबा, खिडकी-दार उघडं ठेवा. हातमोजे घाला. ओला फोम ॲसिटोनने निघतो, सुकला की फक्त घासून, आणि कातडीवरून तर दिवसेंदिवस जात नाही.

आणि खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरून जी छोटी भोकं असतात, वीप होल, ती पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात. "फट दिसली" म्हणून त्यात फोम किंवा सिलिकॉन भरलेलं मी किती वेळा काढलंय. खिडकी बसवून झाली की ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा, सगळं भोकांतून खाली गळलं पाहिजे.