बलाच्या धड्यावरचे प्रश्न घरी कसे सोडवायचे

सहावी ते नववीची पोरं ज्यांच्या घरी आहेत त्यांना माहितीये, संध्याकाळी वही पुढे येते अन् बलाच्या धड्यावर सगळं अडतं. व्याख्या पाठ असते भो, पण प्रश्न जरा फिरवून आला की पोरगं आपल्या तोंडाकडे बघतं. मी एकच करायला लावतो, उत्तर लिहायच्या आधी एक वस्तू पकडायची, फक्त एक, आणि विचारायचं हिला कोण कोण ढकलतंय, ओढतंय, कुठल्या दिशेला. वहीत एक चौकोन काढायचा, त्याला बाण काढायचे, बस.

आता हा नेहमीचा प्रश्न बघा. बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी पुढे जाते कशी? हुशार पोरंपण इथे फसतात, दोन्ही बलं सारखी म्हणजे रद्द झाली असं लिहून मोकळी होतात. अरे पण एक बल गाडीवर आहे आणि दुसरं बैलावर, वेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांतून वजा करायचीच नाहीत. आधी फक्त गाडी बघा, पुढे बैलाची ओढ, मागे घर्षण, ओढ जास्त झाली की गाडी सुटली. मग फक्त बैल बघा, तो खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते, आणि जमिनीचं हे रेटणं मिळतं घर्षणामुळेच, म्हणून पावसात आपल्या काळ्या मातीचा चिखल झाला की बैल कितीही तगडा असू द्या, खूर घसरतात अन् गाडी जागची हलत नाही. हे उत्तरात टाकाच. आणि सपाट रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने चाललीये तर ओढ आणि घर्षण सारखंच, म्हणजे संतुलित बल. पोरांना हे पटत नाही, चालतेय म्हणजे जोर जास्तच असणार म्हणतात, तेव्हा गतीचा पहिला नियम परत वाचायला लावा, असंतुलित बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालतच राहते, न्यूटनने 1687 सालीच छापून ठेवलाय.

वजन-वस्तुमानाचा घोळ तर रावेर-यावलकडे रोजचाच. केळीचा घड काट्यावर टाकला, व्यापारी म्हणतो वजन 20 किलो. बोलायला चालतं, वहीत नाही चालत. 20 किलोग्रॅम हे वस्तुमान, म्हणजे घडात द्रव्य किती ते, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्याला खाली ओढते ते बल, 20 गुणिले 9.8 (दर किलोला पृथ्वीची ओढ), म्हणजे 196 न्यूटन, न्यूटन हे बलाचं एकक. तोच घड चंद्रावर नेला तर वस्तुमान 20 चं 20, वजन साधारण सहावा हिस्सा, 33 न्यूटनच्या आसपास.

बलाचे प्रकार सरळ पाठ करा, त्याला काही डोकं लागत नाही. विहिरीतून हाताने पाणी शेंदलं तर स्नायू बल, मोटर लावली तर यांत्रिक.

गणितातपण तेच बाण कामाला येतात. सपाट फरशीवर 5 किलोची पेटी 20 न्यूटनने ढकलली, घर्षण 5 न्यूटन, त्वरण (वेग किती भरभर वाढतो ते, म्हणजे बल भागिले वस्तुमान) किती? घाईत पोरं 20 भागिले 5 करून 4 लिहितात. मागचा बाण काढलेला असला तर दिसतं, 20 मधून 5 गेले, उरले 15, भागिले 5, उत्तर 3 मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि ढकलूनही पेटी हललीच नाही असं विचारलं तर बल शून्य लिहू नका हां, बल लागलंय, घर्षणाने तेवढंच उलटं लावलंय, शून्य आहे ते विस्थापन, म्हणजे पेटी जागची किती सरकली ते, आणि कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, म्हणून कार्यपण शून्य.