जलद डिलिव्हरीचे जादा पैसे कधी द्यावेत?

नवतपा सुरू असताना, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, कूलरचा पंप जळाला तर नवा पंप उद्या मिळणे आणि चार दिवसांनी मिळणे यांत केवढे अंतर आहे, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. तोच पंप दिवाळीनंतर, कूलर धुऊन-पुसून झाकून ठेवताना मागवला, तर तो आठ दिवसांनी आला काय आणि महिन्याने आला काय, कोणाचेही काही अडत नाही. वस्तू तीच आणि जलद डिलिव्हरीचे शुल्कही तेच असते. बदललेली असते ती आपली निकड. म्हणून जादा पैसे भरण्यापूर्वी वस्तूची किंमत किंवा शुल्काचा आकडा न पाहता, ती वस्तू आपल्याला नेमकी कोणत्या तारखेला लागणार आहे, हे आधी कागदावर लिहावे. ‘लवकर हवी’ हे उत्तर पुरेसे नाही. तारीख लिहिता येत नसेल, तर बहुतेक वेळा घाईही नसते.

तारीख ठरली की साध्या आणि जलद अशा दोन्ही सेवांनी दाखवलेल्या तारखा तिच्याशेजारी मांडाव्यात. साध्या सेवेची तारीख आपल्या तारखेच्या दोन दिवस आधी येत असेल, तर तिथेच निर्णय झाला, जादा काहीही देऊ नये. ती त्यानंतर येत असेल, तर दोन्ही शुल्कांतील फरकाला वाचणाऱ्या दिवसांनी भागावे. समजा फरक १४० रुपयांचा आहे आणि दोन दिवस वाचतात, तर एका दिवसाला ७० रुपये पडतात. आता त्या एका दिवसाच्या उशिराने आपले काय जाते, हे स्वतःला विचारावे: बंद पडलेल्या शिलाई मशीनमुळे बुडणारी दिवसाची मजुरी, रात्रभर उकाड्यात तळमळणारे म्हातारे आईवडील, की नुसती उत्सुकता? पहिल्या दोहोंसाठी ७० रुपये फार नाहीत. तिसरीसाठी ते देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यात एक चूक फार जण करतात. १५,००० रुपयांच्या वस्तूवर २०० रुपयांचे शुल्क त्यांना किरकोळ वाटते आणि ३०० रुपयांच्या वस्तूवर ९९ रुपयांचे शुल्क डोळ्यांत भरते. वास्तविक वस्तूच्या किमतीशी या शुल्काचा काही संबंध नाही, उशिरामुळे होणाऱ्या नुकसानाशी आहे. ३०० रुपयांच्या सुट्या भागावाचून दुकान बंद राहणार असेल, तर त्यासाठी ९९ रुपये आनंदाने द्यावेत.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जादा शुल्काने आपण नेमका कोणता वेळ विकत घेतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. विक्रेता वस्तू बांधतो, कुरिअरचा माणूस ती उचलतो, ती वर्गीकरण केंद्रात जाते, तिथून विमानाने किंवा ट्रकने प्रवास करते, आपल्या शहराच्या केंद्रात उतरते आणि शेवटी दुचाकीवरून दारात येते. जलद सेवेचे पैसे प्रामुख्याने यातल्या मधल्या प्रवासाचे असतात. विक्रेत्याला वस्तू बांधायलाच तीन दिवस लागणार असतील, तर ते तीन दिवस कोणत्याही शुल्काने कमी होत नाहीत. त्यामुळे ‘दोन दिवसांत’ असे लिहिलेले दिसले की ते दोन दिवस ऑर्डर दिल्यापासून मोजायचे की माल रवाना झाल्यापासून, हे वाचून घ्यावे आणि त्यांत रविवार व सुट्ट्या धरल्या आहेत का, हेही पाहावे. मला हे पैसे मोजून कळले. भाच्याच्या प्रवेशाची कागदपत्रे पुण्याला पाठवायची होती. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी जलद सेवेचे जादा पैसे भरून पाकीट दिले. त्या दिवसाची गाडी तोवर निघून गेली होती. पाकीट शनिवारी निघाले, रविवारी पुण्याच्या केंद्रात पडून राहिले आणि सोमवारी दुपारी मिळाले. साध्या सेवेनेही ते सोमवारी किंवा फार तर मंगळवारी पोहोचले असते, हे काउंटरवरील गृहस्थांनी नंतर विचारल्यावर मान्य केले. आधी विचारले असते, तर बहुधा आधीही सांगितले असते. तेव्हापासून मी काउंटरवर दोन प्रश्न हमखास विचारतो: आजची शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि पलीकडे रविवारी वाटप होते का?

नागपूरचे देशाच्या मध्यावर असणे इथे आपल्या उपयोगी पडते. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इथेच एकमेकांना भेटतात, आणि मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे. रायपूर, अमरावती, चंद्रपूर अशा ठिकाणी ट्रकने एका रात्रीत जाता येते. तिथे विमानाचे शुल्क भरून मिळण्यासारखे फारसे काही नाही. गुवाहाटीला किंवा तिरुवनंतपुरमला पाठवायचे असेल, तर मात्र विमानाने खरोखर दिवस वाचतात. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या ठिकाणी उशीर होतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि त्या टप्प्याला जलद सेवेचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून शुल्क भरण्याआधी पिनकोड सांगून त्या ठिकाणची तारीख विचारावी. ज्वलनशील पदार्थ आणि काही प्रकारच्या बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे अत्तर किंवा पॉवर बँक असलेले पार्सल जलद शुल्क भरूनही रस्त्यानेच जाण्याची शक्यता असते.

आपण स्वतः पार्सल पाठवणार असू, तर आकारमानाचा हिशेब विसरू नये. विमानाने जाणाऱ्या मालासाठी लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला साधारणपणे ५,००० ने भागतात, आणि हे वजन व काट्यावरचे वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. दिवाळीचा चिवडा आणि संत्रा बर्फी ४० × ३० × २५ सेंटीमीटरच्या खोक्यात भरली, तर काट्यावर ते अडीच किलो भरले तरी पैसे सहा किलोचे लागतात. तोच फराळ ३० × २५ × २० च्या खोक्यात बसवला, तर हिशेब तीन किलोवर येतो. खोके बदलून वाचलेल्या पैशांत अनेकदा जलद सेवेचा फरक भरून निघतो.

अर्ज आणि कागदपत्रांबाबत जाहिरातीतील शब्द नीट वाचावेत. अंतिम तारीख अर्ज पाठवण्याची आहे की कार्यालयात पोहोचण्याची, यावर सगळे अवलंबून असते, आणि पोहोचण्याची असेल तर इथे काटकसर करू नये. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने टपालाचा हा निर्णय तसा सोपा झाला आहे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: उशीर झाल्यास मिळणारी भरपाई, मिळालीच तर, साधारणतः भरलेल्या शुल्कापुरती असते. हुकलेल्या प्रवेशाची भरपाई कोणीही देत नाही, म्हणून जलद सेवा ही दोन दिवस आधी निघण्याला पर्याय मानू नये.

पैसे भरण्यापूर्वी शहरातच चौकशी करणेही विसरू नये. कूलरचा पंप, मिक्सरचे भांडे, मोबाइलचा चार्जर अशा वस्तू सीताबर्डी किंवा इतवारीत त्याच दिवशी मिळू शकतात, आणि दुकानदार जुना भाग पाहून नेमका तोच भाग देतो, हा फायदा वेगळाच. पुण्याला रातोरात काही पोहोचवायचे असेल, तर संध्याकाळी सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या बसमधून पार्सल पाठवण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. पलीकडे सकाळी थांब्यावर जाऊन ते उचलणारा माणूस मात्र हवा, पावती घ्यावी, आणि मूळ कागदपत्रे किंवा दागिने यासाठी हा मार्ग वापरू नये.

वार्षिक सदस्यत्व घेऊन जलद डिलिव्हरी ‘मोफत’ मिळवणाऱ्यांनी मागील वर्षात खरोखर घाईच्या अशा किती ऑर्डर होत्या, तेवढ्याच मोजून सदस्यत्वाची रक्कम त्यांवर विभागावी. मोफत डिलिव्हरीची मर्यादा गाठण्यासाठी नको असलेली वस्तू घेणे हा तर उघड तोटा आहे.

सर्व विचार करून जादा शुल्क भरलेच, तर पत्त्यात घराजवळची खूण आणि दिवसभर उचलला जाईल असा फोन क्रमांक द्यावा. दुपारी घर बंद असेल, तर शेजाऱ्यांना सांगून त्यांचा क्रमांक लिहावा, कारण कुरिअरचा माणूस एकदा परत गेला की तो बहुधा दुसऱ्या दिवशीच येतो आणि विकत घेतलेला दिवस तिथेच हातचा जातो.