रुग्णांचं समाधान मोजताय? या चुका टाळा

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षांपूर्वी मी साठ फॉर्म घेऊन गेले होते. संध्याकाळी मोजले तर अठ्ठावन्न जणांनी सगळ्या प्रश्नांपुढे ‘खूप चांगलं’ सांगितलेलं. औषधाच्या खिडकीसमोरची रांग खूप चांगली, मोडका बाक खूप चांगला, कडी नसलेला संडासही खूप चांगला. उरलेल्या दोघांतला एक सुट्टीवर आलेला चाकरमानी होता. मी खुशीत अहवाल लिहिला. दिवसभर मी सिस्टरच्या टेबलाला खुर्ची लावून प्रश्न विचारत होते, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं.

विचारणारा माणूस आणि विचारायची जागा

सगळ्यात मोठी चूक हीच. ज्या सिस्टरने आत्ता सुई दिली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा द्यायची आहे, तिच्या कानावर जाईल असं कोण बोलेल? शिवाय आपल्याकडे गाऱ्हाणं देवापुढे घालतात, फॉर्मवाल्या बाईपुढे नाही. तिला ‘बरा आसा’ एवढंच मिळतं. वेळ वाचवायला हे काम आशाताईंवर टाकू नका. त्या घराघरात ओळखीच्या असतात हे खरं, पण त्या त्याच सेवेचा भाग आहेत आणि उद्या त्यांनाच त्या घरी लसीकरणासाठी जायचं असतं.

विचारणारा केंद्राबाहेरचा हवा आणि जागा फाटकाबाहेरची. शक्य असेल तर नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा, संमती घेऊन आठ-दहा दिवसांच्या आत घरी जा. त्याहून उशीर केला की किती वेळ थांबलो, कोणत्या गोळ्या मिळाल्या, हे माणूस विसरतो. बाईशी बाईने बोलावं, तेही सासू मागील दारी गेल्यावर.

फाटकावरच विचारायचं असेल तर एसटीचं वेळापत्रक आधी बघा. दुपारची गाडी पकडायला निघालेला माणूस थांबत नाही. थांबतात ते जवळच्या वाडीतले, निवांत. लांबून आलेला, दोन गाड्या बदलून उपाशी बसलेला रुग्ण तुमच्या कागदावर येतच नाही. नेमकं त्याच्याकडेच सांगण्यासारखं असतं.

फोनवर विसंबणाऱ्यांनाही हीच अडचण. केंद्र सरकारच्या ‘मेरा अस्पताल’ या २०१६ च्या योजनेत रुग्णाला एसएमएस किंवा फोन करून मत विचारतात. कल्पना चांगली आहे. पण केसपेपरवर आजीच्या नावापुढे मुलाचा नंबर असतो आणि मुलगा असतो नालासोपाऱ्यात. आजीला बाकावर किती वेळ बसवलं ते त्याला काय माहीत!

‘समाधानी आहात का?’

हा प्रश्न मी एका म्हाताऱ्या बाईंना विचारला होता. त्यांनी दोन्ही मुलं मार्गी लागली, देवीची कृपा आहे, असं सांगितलं. चूक त्यांची नव्हती. समाधान हा आपल्याकडे आयुष्याबद्दल बोलायचा शब्द आहे, ओपीडीबद्दल नाही. ‘पूर्णतः सहमत, अंशतः सहमत’ वगैरे पाच पायऱ्या तर शिकलेल्या माणसालाही चकवतात.

विधान वाचून दाखवून ‘पटतं का?’ विचारलं की माणूस बहुधा होकार देतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातल्या एका अभ्यासात आरोग्य केंद्रांतल्या काही रुग्णांना कौतुकाची विधानं वाचून दाखवली आणि काहींना तीच उलटी करून, तक्रारीच्या रूपात. उलटी विधानं ऐकणाऱ्यांत समाधान बरंच कमी निघालं. सेवा सारखीच होती. त्यामुळे प्रश्नावली पक्की करण्याआधी निम्म्या फॉर्मवर वाक्यं फिरवून बघा. दोन्ही गठ्ठ्यांत होकारच होकार आले, तर तुम्ही सेवा नाही, भिडस्तपणा मोजताय.

त्यापेक्षा काय घडलं ते विचारा. किती वाजता आलात, डॉक्टरांनी कधी बघितलं? हात लावून तपासलं का? तपासताना पडदा होता का? काय झालंय ते तुम्हाला समजेल असं सांगितलं का? गोळी जेवणाआधी की नंतर? बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली का, किती रुपये गेले? अशी उत्तरं देताना कुणाला नावं ठेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून माणसं खरं बोलतात. आणि केंद्राला दुरुस्त काय करायचं तेही त्यातूनच कळतं. ‘वागणूक: पाचपैकी ४.२’ या आकड्याचं कुणी काय करायचं?

खूश रुग्ण, पण उपचार बरा होता का?

सलाईनची बाटली लावली की आपला माणूस खूश. नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं की ‘डॉक्टरने काय केला नाय’. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू कमी केले, ती साधी तोंडाने घ्यायची गोळीच आहे. समाधानाच्या आकड्यावर डॉक्टरांचा पगार किंवा बक्षीस ठरवायला लागलात तर नको तिथे सुया टोचल्या जातील. समाधान आणि उपचाराचा दर्जा वेगवेगळे मोजा, एकात एक मिसळू नका.

जे आलेच नाहीत

केंद्रात आलेल्यांनाच विचारणं म्हणजे खानावळीत जेवत बसलेल्यांना जेवण कसं आहे ते विचारणं. ज्यांना आवडलं नाही ते केव्हाच दुसरीकडे गेले. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात, काही कोल्हापूर गाठतात, ज्याला परवडतं तो खासगीत जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यात का जात नाही हे घरोघरी विचारतात: जवळ नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी नसतात, फार थांबावं लागतं, उपचार चांगले नाहीत. हा एकच प्रश्न तुमच्या वाड्यांत वीस-पंचवीस घरी विचारा. साठ फॉर्मपेक्षा जास्त कळेल.

आकडा खाली आला, घाबरायचं का?

आधी नमुना, म्हणजे किती जणांना विचारलं, ते बघा. महिन्याला पन्नास फॉर्म भरत असाल आणि निम्मे लोक एखाद्या गोष्टीवर नाराज असतील, तर तो आकडा नुसत्या योगायोगाने साधारण १४ टक्के गुण वरखाली होऊ शकतो. गेल्या महिन्यापेक्षा चार टक्के घसरलं म्हणून कुणाला मेमो देऊ नका.

मग महिना बघा. जून-जुलैत मासेमारी बंद, खलाशी घरी किंवा गावी. पावसात ताप आणि लेप्टोची भीती, रांग लांब. गणपतीत मुंबईकरांची गर्दी, आणि ते केईएमशी तुलना करून उत्तरं देतात. आंब्याच्या दिवसांत बागांवरचे नेपाळी कामगार येतात, त्यांना मराठी फॉर्म कळत नाही. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा.

एवढं करूनही आकडा घसरलेला दिसला, तर अलीकडे काही सुधारलंय का ते विचारा. नवी प्रयोगशाळा आली की लोक रिपोर्ट त्याच दिवशी मागायला लागतात. अपेक्षा वाढल्या की नाराजीही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२-०३ च्या सर्वेक्षणात यावर एक युक्ती वापरली होती: सगळ्यांना एकाच काल्पनिक रुग्णाची गोष्ट सांगायची आणि त्याला मिळालेल्या वागणुकीला गुण द्यायला लावायचे. त्यावरून कोण सढळ आणि कोण कडक ते कळतं. छोट्या केंद्रालाही अशा दोन गोष्टी सहज जमतील.

सरासरीच्या नादी मात्र लागू नका. सगळ्यात कमी गुण कुठल्या प्रश्नाला, तेवढं काढा. आणि गठ्ठा हातात घेऊन अक्षर बघा. वीस फॉर्मवर एकच शाई, एकच वळण दिसलं, तर पुढचं विश्लेषण करण्यात अर्थ नाही.

एक प्रश्न मी आता काढूनच टाकलाय: ‘पुन्हा आजारी पडलात तर इथेच याल का?’ त्या पहिल्या साठ फॉर्मवर या प्रश्नापुढे साठ होकार होते. त्यातला एक मीच टिक केला होता. खाडीपलीकडून होडीने आलेल्या आजी म्हणाल्या होत्या, ‘मगे खंय जातलंय?’ मग जाणार कुठे?