स्टॉप-डीजेव्हीयूने लॉक केलेल्या फाइल्स : काय परत मिळालं, काय नाही

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून स्टॉप-डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, लॅपटॉपमध्ये शिरलं होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची फाइल आणि ९८० डॉलरची मागणी, ७२ तासांत दिल्यास ४९०. पैसे द्यायचे नाहीत, हे पहिलं.

आधी वाय-फाय बंद केलं. ठरावीक वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधलं, व्हायरसने टाकलेलं 'टाइम ट्रिगर टास्क' काढून पूर्ण स्कॅन केलं. ही पायरी टाळली तर सोडवलेल्या फाइल्स पुन्हा लॉक होतात. सुरक्षेच्या साइट्स उघडत नसतील तर होस्ट्स फाइल (कोणती साइट कुठे उघडेल हे ठरवणारी विंडोजची फाइल) तपासा. हा व्हायरस तिथे त्यांचे पत्ते अडवतो.

मग मायकल गिलेस्पी यांनी उभारलेल्या 'आयडी रॅन्समवेअर' या मोफत सेवेवर खंडणीची चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाइल टाकून प्रकार पक्का केला. खरी मेख व्हायरसने दिलेल्या पर्सनल आयडीत आहे. सी ड्राइव्हवरच्या सिस्टिमआयडी फोल्डरमध्ये तो सापडतो. शेवट टी१ असेल तर चावी ऑफलाइन, म्हणजे व्हायरसमध्येच असलेली आणि अनेकांसाठी एकच; ती आधी कुणा पीडिताकडून मिळालेली असली तर एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचा फाइल्स सोडवणारा मोफत डिक्रिप्टर चालतो. इथे दोन आयडी होते, त्यातल्या टी१वाल्या फाइल्स सुटल्या. ऑनलाइन, म्हणजे सर्व्हरवरून प्रत्येकासाठी वेगळी आलेल्या चावीच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

हा व्हायरस फाइलचे फक्त पहिले १५० केबी लॉक करतो, म्हणून मोठे व्हिडिओ बरेचदा दुरुस्त होतात. लहान फोटोंचं तसं नाही, ते पूर्णच जातात. आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, कारण सोबत अनेकदा पासवर्डचोर ॲझोरल्टही येतो.