अंडरग्राउंड कोळसा खाणीची बाउंड्री: या चुका टाळा

शेतात बांध कोरला की दुसऱ्या दिवशी शेजारी भांडायला हजर होतो. खाणीत खाली तसं काही नाही, कोळसा इकडेही काळा आणि तिकडेही काळाच, त्यामुळे तिथे बाउंड्री म्हणजे सर्वेअरचा प्लॅन आणि गॅलरीच्या, म्हणजे कोळशात खणलेल्या बोगद्याच्या, छतात ठोकलेले पॉइंट, एवढंच. नागपूर, चंद्रपूर, वणीकडच्या खाणींत नवीन लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी उजळणी समजा.

नियम ऐकायला सोपा आहे. कोल माइन्स रेग्युलेशन, आधीचं 1957 चं आणि आताचं 2017 चं, सांगतं की खाणीच्या बाउंड्रीपासून 7.5 मीटरच्या आत वर्किंग, म्हणजे खणकाम, न्यायचं नाही. शेजारच्या खाणीनेही तेवढंच सोडलं की मधे 15 मीटर कोळशाची भिंत राहते, तोच बॅरियर. इथे बऱ्याच जणांची पहिली गफलत होते, त्यांना वाटतं 15 मीटर आहे ना, मग आपण थोडं पुढे गेलो तर काय बिघडलं. शेजाऱ्यानेही हाच विचार केलेला असू शकतो ना राव!

आणि बाउंड्रीच वादात असेल तर? तर आपण म्हणतो ती रेष धरायची नाही, शेजारचा मालक जी सांगतो तिच्यापासून 7.5 मीटर सोडायचे, करार होईपर्यंत किंवा कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. हे कुणालाच आवडत नाही कारण कोळसा डोळ्यासमोर अडकून पडतो, पण नियम तसाच आहे.

आता खरी डोकेदुखी, जुने प्लॅन. 1971 ते 73 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा खासगी कंपन्यांचे प्लॅन ताब्यात आले, काही फुटात, काही कंपासवर केलेले, काही ट्रेसिंगवरून ट्रेसिंग मारत आलेले. कंपासजवळ लोखंडी रूळ किंवा हॉलेजचा, म्हणजे डबे ओढायचा पोलादी, दोर असला की सुई सरकते. समजा बेअरिंग (दिशेचा कोन) फक्त एक डिग्रीने चुकलं, तर 500 मीटरवर फेस (गॅलरीचं खोदकाम चालू असलेलं पुढचं टोक) जवळपास 8.7 मीटर बाजूला जातो, म्हणजे अख्खे साडेसात मीटर खाऊन वर रेषेपलीकडे! कागद आकसतो तेही धरा, 400 मीटरच्या अंतरात एक टक्का म्हणजे 4 मीटर. म्हणून जुना प्लॅन नव्यावर नुसता ठेवून जुळवायचा नाही, त्यावर उत्तर दिशा कोणती धरलीय, खरी की चुंबकीय, आणि चुंबकीय असेल तर कोणत्या तारखेची, ते आधी बघा. मग वरचा आणि खालचा सर्वे एकाच कोऑर्डिनेटमध्ये बांधून घ्या, ट्रॅव्हर्स (एका पॉइंटवरून पुढच्या पॉइंटवर मोजत नेलेली साखळी) क्लोज करा, म्हणजे शेवटी माहीत असलेल्या पॉइंटवर आणून जुळवा. ओपन ट्रॅव्हर्सवर बाउंड्रीजवळची गॅलरी चालवणारा सर्वेअर मी पाहिलाय, नंतर चेक केलं तेव्हा त्याला स्वतःलाच घाम फुटला.

शेजारी विसरणं ही पण नेहमीची चूक. आपल्या प्लॅनवर आपलंच वर्किंग छान रंगवलेलं आणि रेषेपलीकडे कोरा कागद. बाउंड्रीपासून 60 मीटरपर्यंतचं शेजारच्या खाणीचं वर्किंगही दाखवावं लागतं आणि प्लॅन तीन महिन्यांहून जुना चालत नाही.

60 मीटरचा आकडा पाण्यासाठीही लक्षात ठेवा. बंद पडलेलं वर्किंग, ज्यात पाणी नाही याची तपासणी करून खात्री झालेली नाही, त्याच्या 60 मीटरच्या आत जायचं तर डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) परवानगी हवी आणि फेसच्या पुढे बोअर मारत, बाजूलाही बोअर मारत, किमान 3 मीटर पुढचं तपासत जायचं. 27 डिसेंबर 1975 ला चासनाल्यात जुन्या वर्किंगचं पाणी घुसून 375 माणसं गेली. 2 फेब्रुवारी 2001 ला बागडिगीत 29 गेले, तिथे पाणी शेजारच्या जयरामपूरच्या बंद वर्किंगमधून आलं. दोन्ही ठिकाणं धनबादकडची, जिथे डीजीएमएसचं मुख्यालय आहे.

जमिनीवरच्या पिलरचं थोडक्यात: लीजच्या बाउंड्रीचे पिलर उभारणं आणि शाबूत ठेवणं हे लीज घेणाऱ्याच्या खर्चाने. डंपरने उडवलेला पिलर अंदाजाने परत रोवू नका, कोऑर्डिनेट काढूनच बसवा, नाहीतर पुढचा सर्वे त्या चुकीवरच चालेल.

खाली काम करताना ओव्हरमॅन आणि सिरदारला, म्हणजे खाली कामावर देखरेख करणाऱ्यांना, रेषेचं अंतर तोंडी सांगून सोडू नका. शेवटच्या पॉइंटपासून अजून किती मीटर चालवायचं ते लिहून द्या, साइडला, गॅलरीच्या भिंतीवर, चुन्याने आकडा घाला, आणि फेस थांबवायच्या शिफ्टला स्वतः जाऊन ओळंबा धरा.