ब्रुकलिन पूल चालत कसा पाहावा

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल चालत पाहायचा असेल, तर ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे जावे, म्हणजे उंच इमारतींचे दृश्य समोर राहते. पुलाची लांबी सुमारे १.८ किलोमीटर असून पायवाट मोटारींच्या वरून जाते. सकाळी लवकर निघावे. पुढे गर्दी वाढली की जागोजागी थांबून निरखणे जमत नाही.

पहिल्या दगडी मनोऱ्यापाशी आधी पायाचा विचार करावा. नदीच्या तळावर उपड्या पेटीसारखे प्रचंड लाकडी केसॉन ठेवून त्यात दाबाखालची हवा भरली होती. आत कामगार गाळ उपसत आणि वर दगड चढत, तसतशी पेटी खाली जाई. मॅनहॅटनच्या बाजूला ती सुमारे ७८ फूट खोल गेली आणि खडकापर्यंत न नेता घट्ट वाळूवरच थांबवली गेली. दाबातून भरभर बाहेर येणाऱ्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होत. काही कामगार त्यात दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच विकाराने अंथरुणाला खिळले. पुलाची कल्पना मांडणारे त्यांचे वडील जॉन १८६९ मध्येच धनुर्वाताने गेले होते. त्यामुळे १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत वॉशिंग्टन यांच्या सूचना कामावर पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्या पत्नी एमिली यांनी वाहिली. मनोऱ्यावरील स्मृतिफलकावर त्यांचेही नाव आहे. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मान वर करावी. मुख्य दोरांवरून सरळ खाली आलेल्या तारांना छेदत मनोऱ्यापासून तिरपे ताण पसरलेले दिसतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा मुख्य भाग केवळ अशा तिरप्या ताणांवर तोललेला आहे. इथे दोन्ही पद्धती एकत्र आहेत, म्हणून ते जाळे विणल्यासारखे भासते.

मधल्या ४८६ मीटरच्या गाळ्यात मुख्य दोर पायवाटेच्या जवळ उतरतात. तिथे रंगाखाली गुंडाळलेल्या तारेचे वेढे नीट पाहावेत. चार दोरांपैकी प्रत्येक सुमारे ४० सेंटीमीटर जाड असून त्यात पाच हजारांहून अधिक पोलादी तारा, पीळ न देता, समांतर बसवल्या आहेत. पुरवठादाराने फसवून निकृष्ट तार दिल्याचे १८७८ मध्ये उघड झाले, तोवर तिचा बराच भाग दोरांत गेला होता. रोबलिंग यांनी मुळातच भरपूर जास्त ताकद धरली होती. त्यांनी प्रत्येक दोरात सुमारे १५० तारा वाढवल्या आणि आधीची तार आहे तिथेच राहू दिली.