वीज येते, प्रिंटर मात्र सापडत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसाळ्यात वीज सतत जात-येत असते आणि लिनक्स वापरणाऱ्या कार्यालयांतल्या नेटवर्क प्रिंटरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ, माझ्या अनुभवात, तिथेच सापडते. वीज परतल्यावर राउटर कधी कधी प्रिंटरला नवाच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देतो. संगणकावरची कप्स ही छपाईव्यवस्था मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहते. अशा वेळी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये.

प्रथम प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्यावे. ते नीट छापले गेले, म्हणजे यंत्र ठीक आहे. मग टर्मिनलमध्ये, कप्स कोणत्या पत्त्यावर काम पाठवते ते दाखवणारी ‘एलपीस्टॅट -व्ही’ ही आज्ञा चालवावी. पानावरच्या पत्त्याच्या शेवटी ४७ आणि टर्मिनलवर ३१ दिसले, की दोष हाती लागला. ‘एलपीअ‍ॅडमिन’ या आज्ञेने त्याच नावाखाली नवा पत्ता नोंदवता येतो, त्यासाठी प्रिंटर काढून नव्याने जोडावा लागत नाही. एका पतसंस्थेत मी एकाच प्रिंटरच्या चार नोंदी पाहिल्या असून, त्यांतली चालणारी कोणती हे फक्त एका कारकुनाला ठाऊक होते! राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी, एक आयपी राखून ठेवला, तर ही वेळच येत नाही.

पत्ता जुळूनही कागद येत नसेल, तर छपाईच्या कामांची रांग पाहावी. एकदा छपाई फसली, की कप्स अनेकदा ती रांगच बंद करते, आणि संपर्क पूर्ववत झाला तरी ती आपोआप उघडत नाही. ‘एलपीस्टॅट -पी’च्या उत्तरात ‘डिसेबल्ड’ दिसल्यास ‘कप्सइनेबल’ आणि प्रिंटरचे नाव द्यावे. मात्र त्याआधी अडकलेली कामे ‘कॅन्सल -ए’ने काढावीत, नाहीतर सकाळपासून दहा वेळा पाठवलेली पावती दहाही वेळा बाहेर पडते.

पिंगला, म्हणजे प्रिंटर नेटवर्कवर आहे का हे पाहणाऱ्या आज्ञेला, उत्तर येते पण छपाई होत नाही, असे असल्यास आयपीपी या नेटवर्क-छपाईच्या पद्धतीसाठी ६३१ किंवा थेट जोडणीसाठी ९१०० हे पोर्ट फायरवॉलने अडवले आहे का, ते तपासावे. कप्सच्या एरर लॉगमध्ये फिल्टर, म्हणजे मजकूर प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलणारा भाग, फसल्याची नोंद असेल, तरच ड्रायव्हरकडे वळावे.

आपल्याकडे एकाच टेबलावर मराठी निमंत्रण आणि कन्नड अर्ज छापला जातो. अर्जावर अक्षरांऐवजी चौकोन उमटले, तर त्यात नेटवर्कचा दोष नसतो. पीडीएफमधले फाँट दाखवणारी ‘पीडीएफफाँट्स’ ही आज्ञा चालवून, फाँट समाविष्ट आहे का हे सांगणाऱ्या ‘एम्ब’ या रकान्यात ‘नो’ दिसल्यास, जिथे अर्ज तयार झाला तिथूनच फाँट समाविष्ट करून पीडीएफ पुन्हा मागवावी.